फिरता वाफा

जुने सोफे उसवून नवे करणं हा तिचा धंदा, आणि त्या धंद्यात किळस परवडत नाही. लोक ज्यावर वर्षानुवर्षं बसतात त्याच्या पोटात काय काय साठतं हे तिला ठाऊक होतं. नखं, केस, अर्धवट चोखून टाकलेल्या गोळ्या, उंदरानं कापसात उरकलेलं बाळंतपण. एकदा एका सोफ्यातून कवळी निघाली होती आणि मालकानं ती नळाखाली धरून तिथल्या तिथे तोंडात बसवली होती. हे सगळं ती उघड्या हातांनी काढायची, साबणानं हात धुवायची आणि डबा उघडून जेवायला बसायची.

मावशीच्या कासवाला मात्र तिनं आयुष्यात कधी हात लावला नव्हता. कवचाचं काही नाही, कवच म्हणजे लाकडासारखीच एक वस्तू. तिला सोसायची नाही ती त्याची मान. सुरकुतलेली, कोरडी असून ओली वाटणारी, आतून सावकाश बाहेर सरकणारी. ती दिसली की तिच्या घशाशी यायचं. लहानपणी सुट्टीत मावशीकडे राहायला गेली की ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची आणि मावशी मागे उभी राहून तिची वेणी घालायची.

"अगं, आक्का आहे ती," मावशी म्हणायची. "तुला काय खाणार आहे? तिला दात तरी आहेत का?"

कासवाचं नाव आक्का. मावशीचा मुलगा, म्हणजे दादा, शाळेत जायला लागला तेव्हा कुणीतरी ते आणून दिलं होतं. दादाचे केस पिकले, मावशीचे पिकून गळाले, आक्का होती तशीच होती.

मावशी स्वयंपाकघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ती घरी परतलीच नाही, सरळ वृद्धाश्रमात गेली. तिथे खोली चांगली होती, समोर हिरवळ होती, बायकाही बोलक्या होत्या. आठवडाभरानं तिनं भाचीला फोन केला.

"मला इथे सगळं आहे, फक्त आक्का नाही. तेवढी आणून दे. दादाला सांगून उपयोग नाही, तो ऐकत नाही."

भाचीनं आधी आश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना विचारलं. बाई भल्या होत्या, पण हिरवळीच्या बाबतीत कडक. जनावर मोकळं फिरता कामा नये, हिरवळीत खड्डा पडता कामा नये, आणि संध्याकाळी ते बिऱ्हाड उचलून व्हरांड्यात आलं पाहिजे. एवढं जमत असेल तर त्यांची ना नव्हती.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "कशाला त्या भानगडीत पडतेस? मी त्याला तळ्यात सोडून देणार आहे."

"ते जमिनीवरचं कासव आहे, दादा. बुडून मरेल."

तो म्हणाला, "किल्ली शेजारी ठेवली आहे."

दादा चष्म्याच्या दुकानात काम करायचा. दिवसभर काचा पुसून त्याला सगळंच पुसायची सवय लागली होती. कुणाकडे गेला की बसायच्या आधी खुर्ची रुमालानं झटकायचा. त्यामुळे मावशीच्या बंद घराचं दार उघडल्यावर जो वास अंगावर आला, त्याला ती तयार नव्हती.

वास न्हाणीघरातून येत होता. कासव कोपऱ्यात, बादलीच्या मागे, तोंड भिंतीकडे करून बसलं होतं. फरशीवर पांढरट, खडूच्या लगद्यासारखी घाण पसरून वाळली होती आणि तिच्यावर ताजी. एका ताटलीत दुधात बुडवलेला पाव होता, त्याला हिरवी लव आली होती. कासवाच्या पोटाखालचा भाग त्या चिखलात रुतलेला. कवचाच्या मागच्या कडेला भोक होतं आणि त्यातून एक नायलॉनची दोरी निघाली होती, मळून काळी, तेलकट झालेली. दोरीचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. ते नुसतं घाणीत पडलं होतं.

ती दारातच ओकली. दगडी पोटाची म्हणून धंद्यात तिचं नाव होतं, पण तिथे कुणी बघायला नव्हतं. तोंड धुतलं, हातात जुन्या गादीच्या खोळी गुंडाळल्या, मान वळवली आणि कासव उचललं. उचलताक्षणी त्यानं तिच्या कपड्यांवर छातीपासून गुडघ्यापर्यंत मुतून दिलं. पाय हवेत मारत होतं, आणि ती मान बाहेर येऊन तिच्याकडेच वळत होती. तिनं त्याला खोक्यात ठेवलं आणि दादाला मनातल्या मनात जितक्या शिव्या येत होत्या तितक्या घातल्या.

आपल्या दुकानाच्या मागच्या अंगणात तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं, कासव त्यात ठेवलं आणि दाढीच्या ब्रशानं लांबूनच त्याला घासायला लागली. पाणी पहिल्यांदा करडं झालं, मग तपकिरी. तिसऱ्या पाण्याला कासव जरा खुललं. त्यानं मागचे पाय ताणले, शेपटी वाकवली, आणि शेपटीच्या खालून काळपट जांभळं, मांसल असं काहीतरी बाहेर येऊ लागलं. ते येतच राहिलं. टोकाला ते फुलासारखं पसरलं. आतडं बाहेर पडलं असं समजून तिनं घमेल्यावर चादर टाकली आणि तसंच्या तसं घमेलं गाडीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चादर काढली तेव्हा सगळं आत गेलं होतं. त्यांनी विचारलं, नेमकं काय दिसलं. भाचीनं सांगितलं, रंग सांगितला, मग हातानं लांबी दाखवली. बाहेर बसलेल्या एका कुत्र्याच्या मालकानं पेपर खाली करून पाहिलं.

"आतडं नाही ते," डॉक्टरीणबाई ओठ दाबून म्हणाल्या. "नर आहे हा. कोमट पाण्यात बरं वाटलं असेल."

"पण ती आक्का आहे."

"आक्का नाही हो. आप्पा आहेत."

भाचीला हसू आलं नाही. आपण त्या घमेल्यातलं पाणी हातानं ढवळलं होतं एवढंच तिच्या डोक्यात आलं.

मग डॉक्टरीणबाईंनी कासव फिरवलं, दोरी बघितली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी दोरी कात्रीनं कापून चिमट्यानं हळूहळू ओढली. दोरीबरोबर भोकातून चीजसारखा घट्ट, पिवळा पू निघाला, आणि त्याचा वास. कासवानं चारही पाय आत घेतले आणि फुस्स करून श्वास सोडला.

"दुखतं याला?" भाचीनं विचारलं.

"लोकांना वाटतं हे नखासारखं आहे. हे हाड आहे, बाई. यात रक्त आहे, नसा आहेत. तुमच्या बरगडीला भोक पाडून कुणी दोरी ओवली तर काय होईल?" त्या भोक धूत राहिल्या. "कुणी केलंय हे?"

"माझा मावसभाऊ," ती म्हणाली. तिला खात्रीच होती. एखाद्या जिवाला त्या न्हाणीघरात ठेवणारा माणूस आणखी काय करणार नाही?

औषध देताना डॉक्टरीणबाईंनी राहण्याबद्दलही सांगितलं. ऊन हवं, सावली हवी, पायाखाली माती हवी, खायला पाला हवा. पाव-दूध अजिबात नको. आणि भिंती जाळीच्या नकोत. पलीकडचं दिसलं की कासव तिथून जायला बघतं आणि नाक घासून घासून सोलवटून घेतं.

आश्रमाच्या अटींत बसेल असा फिरता वाफा तिनं बांधायला घेतला तो रागाच्या भरात. लाकूड दुकानातच होतं, मोडीत आलेल्या सोफ्यांच्या चौकटी, जुनं आणि मजबूत. दोन चौकटी लांबीला जोडून तिनं पाय नसलेल्या पलंगासारखा सांगाडा केला, चारही बाजूंना फळ्या ठोकल्या, तळाला लाकडी पट्ट्या आणि त्यावर बारीक जाळी, म्हणजे पाणी निथळेल पण कासव उकरून पळणार नाही. एका टोकाला ऑफिसच्या खुर्च्यांची चाकं, दुसऱ्या टोकाला हातगाडीसारखे दांडे. वर कावळ्या-मांजरांसाठी बिजागरीचं झाकण, अर्धं जाळीचं, अर्धं फळीचं, त्या फळीखाली सावली. व्हार्निश लावलं नाही, नुसतं जवसाचं तेल चोळलं. ते कासव काय चाटेल याचा भरवसा नव्हता.

माती भरली आणि वाफा जागचा हलेना. तिनं शिव्या देत अर्धी माती उपसली आणि तिच्यात नारळाचा भुसा मिसळला. तेव्हा कुठे चाकं फिरली. मग लावणी. एका अंगाला हरळी, मधे घोळ, कोपऱ्यात रताळ्याचे वेल. जास्वंदीची दोन रोपं तिनं कुंडीसकट पुरली, खाऊन फस्त झाली की कुंडी उपसून दुसरी बसवता यावी म्हणून. फळीच्या सावलीत एक खोकं पालथं घातलं आणि त्याला दार कापलं. पाण्यासाठी उथळ परळ मातीत कडेपर्यंत बुडवला. काम चांगलं झालं होतं. सोफा झाल्यावर ती जशी चार पावलं मागे सरून बघायची, तशी तिनं मागे सरून बघितलं.

रोपांनी मूळ धरल्यावर तिनं खोळी गुंडाळलेल्या हातांनी कासव आत सोडलं. ते बराच वेळ तसंच राहिलं. मग हिरव्या पाल्याकडे ढुंकूनही न बघता सरळ कोपऱ्यात गेलं, भिंतीकडे तोंड केलं आणि बसलं. दुपारी त्यानं हरळीवर शी केली, वळलं, मान बाहेर काढली आणि ती शी खायला लागलं. चवीनं, डोळे अर्धवट मिटून. शेजारी जास्वंदीचं टपोरं फूल होतं.

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, खातात कधी कधी, पाला हळूहळू कळेल. ती फोन ठेवून आत गेली आणि त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

पण पाला कळला. आधी घोळ गेली, मग रताळ्याची कोवळी पानं. जखम सुकत आली. रोज सकाळी ती वाफा ओढून उन्हात न्यायची, शी खुरप्यानं उचलायची, परळ घासायची, आणि प्रत्येक वेळी नाक आवळून. माया वगैरे काही आली नाही. मात्र ते कोपरा सोडून आता वाफाभर फिरायचं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

मग एके सकाळी टेम्पोत वाफा चढवून ती आश्रमात गेली.

व्यवस्थापक बाईंनी वाफ्याला प्रदक्षिणा घालून तो पसंत केला. हिरवळीवर उन्हाच्या तुकड्यात तो उभा राहिला तेव्हा खोल्यांतून बायका बाहेर आल्या. मावशीला चाकाच्या खुर्चीतून आणलं. ती वाळली होती, पण डोळे तेच. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"आण गं माझ्या आक्काला."

भाचीनं हातांना खोळी गुंडाळून कासव तिच्या मांडीवर ठेवलं. मावशीनं कवच थोपटलं, हनुवटीखाली बोट फिरवलं आणि मान बाहेर आली. मावशी आक्काशी बोबडं बोलायला लागली. आक्का म्हणजे आप्पा निघाला हे भाचीनं सांगितलं तेव्हा बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मावशी म्हणाली, "काहीतरीच. आमची आक्काच आहे ती." आणि बोलता बोलता तिची बोटं मागच्या कडेवर गेली, सवयीनं, आणि त्या भोकात चाचपडली.

"दोरी कुठाय?"

"काढली. आत पू झाला होता. दादानं काय करून ठेवलं होतं तुला कल्पना नाही, मावशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवंत हाडाला भोक पाडलंय."

"दादानं?" मावशी हसली. "त्याला खिळा तरी ठोकता येतो का? मीच पाडलं ते."

भाचीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"सारखी पळायची ना गं. कधी गटारात, कधी शेजारी. मग सळई तापवली," मावशी शेजारणीकडे वळून, लोणच्याची कृती सांगावी तशी सांगू लागली. "लालबुंद करावी लागते. गार सळईनं कवच तडकतं. पहिल्यांदा अर्धीच गेली, परत तापवली. काय वास सुटला होता, केस जाळल्यासारखा. मला तर दोन दिवस जेवण गेलं नाही."

"आणि हिला?" शेजारणीनं विचारलं.

"ही आत जाऊन बसली. किती दिवस बाहेरच येईना. पण भूक लागली की सगळे येतात बाहेर."

एक-दोघी हसल्या. कासव मावशीच्या मांडीवर होतं आणि तिची बोटं त्याच्या डोक्यावरून फिरत होती, सावकाश, मायेनं. तीच बोटं. त्याच बोटांनी भाचीच्या केसांतला गुंता सोडवला होता, एकही केस न ओढता. तिला न्हाणीघराच्या दारात आलं होतं तसं घशाशी आलं. ती वाफ्याचा दांडा धरून उभी राहिली.

"बरं, तुझ्याकडे ड्रिल असेल ना?" मावशी म्हणाली. "ते भोक आता कच्चं झालंय. दुसऱ्या बाजूला एक पाडून दे, सोपं काम आहे. हे खोकं छान केलंस, पण आतसुद्धा बांधलेली बरी."

"नाही," भाची म्हणाली.

"आत्ता नाही गं. पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेलाही नाही."

तिनं पुढे होऊन कासव उचललं. खोळी तिनं मघाशीच काढून ठेवल्या होत्या. उघड्या हातांनीच उचललं. कासवाची कातडी तिच्या मनगटाला लागली आणि अंगावर काटा आला, पण तिनं सोडलं नाही. वाफ्यात ठेवलं, झाकण लावलं, कडी घातली.

"हे काय करतेस?" मावशीचा आवाज चढला. "माझं कासव आहे ते."

"मी घेऊन जाते आहे."

"चार बायकांसमोर माझा अपमान करतेस? तुला काय कमी केलं गं मी?"

"मला काही कमी केलं नाहीस," भाची म्हणाली. तिनं कडी पुन्हा ओढून पाहिली. व्यवस्थापक बाई मधे पडल्या, म्हणाल्या, राहू द्या की, आम्ही बांधू देणार नाही. भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं. भल्या होत्या, पण दिवसभर कुणाकुणाच्या बोटांवर लक्ष ठेवणार? तिनं दांडे उचलले आणि वाफा टेम्पोकडे ओढला. मागे मावशी रडत होती. ते खरं रडणं होतं, आणि त्याचीही तिला किळस आली, आणि तशी आली म्हणून स्वतःची आणखी.

दोन दिवसांनी दादा दुकानात आला. आईनं फोन करून त्याच्याकडे तक्रार केली होती. त्यानं स्टूल रुमालानं झटकलं आणि बसला.

"भोक तू पाडलंस असं मी डॉक्टरीणबाईंना सांगून आले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"अगदीच चुकलं नाही," दादा म्हणाला. "आईनं मला धरायला लावलं होतं. पालथं घालून, दोन्ही हातांनी. हातात कळत होतं मला, ते आत काय करतंय ते." तो चष्मा काढून पुसत राहिला. "तेव्हापासून मी त्याला शिवलो नाही. आई दवाखान्यात गेल्यावर खुंटीची गाठ सोडली, न्हाणीघराचं दार लावलं. दारातून पाव टाकायचो आणि पळायचो. भोकाकडे बघवत नव्हतं, साफ कुठून करणार?"

"म्हणून त्याला घाणीत कुजवलंस."

"हो," तो म्हणाला.

तिला त्याची दया आली नाही. पण तो म्हणाला, दाखव ना कसं केलंयस, तेव्हा तिनं त्याला मागे नेलं. तो वाफ्यापासून हातभर लांब उभा राहिला. कासव घोळ खात होतं, तोंडाच्या कडेनं हिरवा रस गळत होता. दादानं तोंडावर रुमाल धरला आणि तरी बराच वेळ बघत राहिला. जाताना त्यानं विचारलं, "जास्वंद कुठे मिळते?" पुढच्या आठवड्यात तो एक कुंडी दुकानाच्या दाराशी ठेवून, आत न येताच निघून गेला.

मावशीनं महिनाभर तिचे फोन घेतले नाहीत. मग भाचीनंच व्यवस्थापक बाईंना सांगून ठरवलं: भेटीच्या दिवशी वाफा टेम्पोतून येईल, हिरवळीवर उभा राहील, झाकणाला कुलूप असेल. बघायचं, जाळीतून पाला द्यायचा. मांडीवर नाही. पहिल्या दोन वेळा मावशी खोलीतून बाहेर आली नाही. बाकीच्या बायकांनीच जाळीतून रताळ्याची पानं घातली आणि आप्पा आप्पा म्हणून हाका मारल्या. तिसऱ्या वेळी मावशी आली. खुर्ची वाफ्याला लावून घेतली आणि भाचीकडे न बघता म्हणाली, "वाळलीय आक्का."

"वजन वाढलंय त्याचं."

"मला वाळलेली दिसते."

दुपारभर दोघी वाफ्याच्या दोन बाजूंना बसल्या. मावशीनं सळईचा विषय काढला नाही आणि भाचीनंही काढला नाही. काढून मावशीला काही कळलं असतं असं तिला वाटत नव्हतं. निघायच्या वेळी मावशीनं हात वर केला. नेहमीसारखी भाची वाकली. तिच्या डोक्यावर ती बोटं टेकली, भांगातून मागे फिरली. मान आखडून, श्वास रोखून ती तशीच वाकून राहिली, मावशीचं होईपर्यंत.

मग ती सरळ झाली. कासवानं परळातच घाण करून ठेवली होती. तिनं कुलूप काढून परळ उचलला, लांब धरून फाटकाबाहेरच्या नालीत ओतला, आणि दांडे उचलून वाफा टेम्पोकडे ढकलायला लागली.